पटावर माणसेच नाहीत

वाचकहो, व्हिडिओ गेमवर या स्तंभात काय लिहायचे, असा प्रश्न काहींना पडेल. पोरासोरांचा खेळ तो! परंतु आमच्या गोसीखुर्द भागातील पुनर्वसित गावठाणांत संध्याकाळच्या वेळी एक फेरी मारून पाहा. ओट्यावर, पानठेल्यापाशी, समाजमंदिराच्या पायऱ्यांवर तरुण पोरे पडद्यात मान घालून बसलेली दिसतील. जग कसे चालते, कोण शूर, कोण नीच, याचे चित्र त्यांच्या डोक्यात आता वर्तमानपत्रापेक्षा या पडद्यातून अधिक शिरते. सिनेमाची आम्ही चिकित्सा करतो, मालिकेची करतो, पाठ्यपुस्तकातील धड्याची तर ओळन् ओळ तपासतो. मग खेळालाच सूट कशासाठी?

ज्या खेळाबद्दल लिहीत आहोत त्याचे नाव 'नार्कोस : राइज ऑफ द कार्टेल्स'. कुजू या ब्रिटिश कंपनीने तो तयार केला आणि कर्व्ह डिजिटलने नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजारात आणला. नेटफ्लिक्सवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'नार्कोस' या गुन्हेगारी मालिकेवर तो बेतलेला आहे. कोलंबियातील कोकेनचा सर्वात मोठा व्यापारी पाब्लो एस्कोबार आणि त्याच्या मागावर असलेले अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी, अशी ही कथा. मालिका जगभर गाजली. खेळ मात्र आपटला. बहुतेक समीक्षकांनी त्याला मधल्या किंवा त्याखालच्या पायरीवर बसवले, आणि खेळून पाहिल्यावर आमचेही मत वेगळे झाले नाही.

हा धावपळीचा खेळ नाही. पटावरच्या खेळासारखी आळीपाळीने चाल करायची, विचार करून करायची. आपली माणसे आडोशाला बसवायची, समोरच्याला घेरायचे. या जातीच्या खेळांत २०१२ च्या 'एक्सकॉम : एनिमी अननोन'चे नाव आदराने घेतले जाते. त्यात आपली पाळी आली की आपल्या तुकडीतील प्रत्येकाला हलवता येते. एक पुढे जातो, दुसरा त्याला आडोसा देतो, तिसरा बाजूने जातो. डाव सगळ्यांचा मिळून होतो. 'नार्कोस'मध्ये एका पाळीत एकच माणूस हलतो. बाकीचे जिथल्या तिथे.

कोणी म्हणेल, बुद्धिबळातही एका वेळी एकच मोहरा चालतो. खरे आहे. परंतु बुद्धिबळात न हललेला मोहराही काम करीत असतो. उंट कोपऱ्यात उभा असला तरी तिरपी रेघ त्याच्या धाकात असते. आमच्याकडे जमिनीवर रेघा मारून खडे मांडून वाघ-बकरीचा डाव खेळतात, त्यातही चाल एकाच बकरीची. तरी बकऱ्या जिंकतात, कारण मागची बकरी पुढचीच्या पाठीशी असते आणि वाघाला उडी मारायला जागाच उरत नाही. एकटी बकरी वाघाचे भक्ष्य. पण जागा धरून बसलेला कळप वाघाला जायबंदी करतो. हे शहाणपण गुराख्या पोरांना खड्यांच्या खेळातून मिळत आले आहे.

'नार्कोस'मध्ये ही जोडच नाही. थांबलेल्या माणसाला, शत्रू टप्प्यात आला की उलट गोळी झाडण्याची एखादी संधी मिळते, तेवढेच. त्यामुळे दोन-चार मोहिमा खेळल्या की खेळणाऱ्याला कळून चुकते: एकच दणकट माणूस घ्यावा, प्रत्येक पाळीला त्यालाच पुढे रेटावे, इतरांना भिंतीआड सोडून द्यावे. तुकडी नावापुरती, पराक्रम एकट्याचा. बुद्धीचा म्हणवणारा खेळ अशा रीतीने एका दांडगटाची फेरी होऊन बसतो. त्यात मोहिमाही त्याच त्या. तेच गोदाम, तीच गल्ली, तेच पोती रचलेले अंगण. मुख्य कथा पुढे सरकायला हवी तर आधी किरकोळ कामगिऱ्यांची हजेरी भरा. चाल संपण्याची वाट पाहता पाहता झोप यावी, इतका संथपणा.

असो. खेळ कंटाळवाणा आहे एवढेच सांगायचे असते तर हा स्तंभ खर्ची घातला नसता.

आमच्या शेजारच्या गावठाणातील एक पोरगा पडद्यावर डोकावून बराच वेळ पाहत होता. त्याने विचारले, "या घराइत कोणी राहत नाही का गा?" प्रश्न साधा होता आणि नेमका होता. खेळातल्या वस्त्यांत घरे आहेत, दारे-खिडक्या आहेत, रस्त्यावर मोटारी उभ्या आहेत. पण ज्यांची ती घरे, ती माणसे आम्हाला कुठे भेटली नाहीत. पोलीस आहेत, गुंड आहेत, मध्ये भिंती आहेत. म्हातारी नाही, शाळेला निघालेले लेकरू नाही, दार लावून घेणारी बाई नाही.

आणि एस्कोबारची गोष्ट या माणसांवाचून सांगताच येत नाही. मेडेलिन शहरात मोराविया नावाची वस्ती होती. शहराचा कचरा जिथे टाकला जाई, त्या ढिगावरच माणसांनी झोपड्या बांधल्या होत्या. खेड्यांतून हिंसेने आणि गरिबीने हुसकावलेली माणसे तिथे कचरा वेचून पोट भरीत. शासनाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एस्कोबारने 'झोपड्यांविना मेडेलिन' अशा अर्थाच्या नावाने मोहीम काढली आणि त्या ढिगावरच्या चारशेहून अधिक कुटुंबांना विटांची घरे बांधून दिली. कोकेनच्या पैशातून. मैदानांवर दिवे लावून दिले. १९८२ मध्ये तो प्रतिनिधी-सभेवर पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला. त्या वस्तीला आजही लोक त्याच्याच नावाने ओळखतात.

एस्कोबारच्या बाजूने आम्ही एक शब्दही लिहिणार नाही. १९८४ मध्ये कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांची हत्या झाली ती त्याच्याच टोळीकडून. नोव्हेंबर १९८९ मध्ये बॉम्बने प्रवासी विमान आकाशात फोडले, त्यात विमानातील १०७ माणसे मेली. आणि बंदूक हातात देऊन त्याने मारायला व मरायला पाठवली ती पोरे कुठली होती? त्याच डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांतील, मिसरूडही न फुटलेली. घर देणारा हात आणि पोर नेणारा हात एकच होता. म्हणूनच विचारावेसे वाटते की तेथील गरीब त्याला का लपवीत होते? पोलिसांना पत्ता का सांगत नव्हते? डावपेचांच्या खेळाने हाच तर डाव मांडायला हवा होता.

गोसीखुर्दच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर फोड करून सांगावे लागत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा प्रकल्प ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्चाचा अंदाज फुगत अठरा हजार कोटींपलीकडे गेला. कंत्राटदारांचे पुनर्वसन वेळेत आणि उत्तम झाले. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १२०० कोटींचे विशेष पॅकेज आले ते २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी! तोवर एक पिढी म्हातारी झाली. कागदावर अठरा नागरी सुविधा आणि गावठाणात भेगा पडलेली नाली, हे चित्र येथे कोणाला नवीन नाही. या पंचवीस वर्षांत एखादा धनदांडगा पिशवी घेऊन वैनगंगेच्या काठी उतरला असता आणि पक्की घरे बांधून देतो म्हणाला असता, तर किती दारे त्याच्यासाठी उघडली असती? उत्तर अवघड आहे. येथल्या माणसांनी मोर्चे काढले, धरणाच्या पाण्यात उतरून आंदोलने केली, निवेदनांच्या थप्प्या लावल्या. मेडेलिनच्या गरिबांना मागे उभा राहणारा कळप मिळाला नाही. त्यांना वाघाने दिलेले घर मिळाले.

खेळात यातले काहीही हलवता येत नाही. तुम्ही अमेरिकी अधिकाऱ्याच्या बाजूने खेळा वा टोळीच्या, हातात बंदूकच. वस्तीत पाण्याचा नळ आणला तर खबर देणारे वाढतील, निरपराधाच्या घरावर धाड घातली तर सगळी गल्ली मुकी होईल, अशी चाल पटावर नाहीच. प्रत्यक्षात मेडेलिनच्या डोंगरवस्त्यांकडे शासन २००४ मध्ये रोपवे घेऊन चढले, तेव्हा एस्कोबारला मरून दहा वर्षे होऊन गेली होती. त्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही, पण ती एक चाल होती, आणि बंदुकीविना केलेली होती.

दोष एकट्या खेळाचा नाही. मालिकेतच कथा सांगणारा आवाज अमेरिकी अधिकाऱ्याचा आहे. कोलंबिया त्याच्या तोंडून ऐकायची. मालिकेत निदान वाग्नर मौरा या ब्राझिलियन नटाचा थकलेला, पोट सुटलेला एस्कोबार आहे. त्याच्या चेहऱ्यावर भीतीही दिसते, घरही दिसते. खेळाने त्या मालिकेचे तुकडे मध्ये मध्ये दाखवले आणि उरलेल्या जागेत गोळीबार भरला. टोळीतला गडी मेला तर पैसे मोजून दुसरा घ्यायचा. मेलेल्याचे नाव यादीतून गेले की विषय संपला.

कथेपुरता हा खेळ मालिकेच्या पहिल्याच सत्रात अडकलेला आहे. त्यामुळे २ डिसेंबर १९९३ चा दिवस, छपरावर गोळ्या लागून पडलेला एस्कोबार, त्यात येत नाही. त्यानंतरची अंत्ययात्राही येत नाही. त्या दिवशी मेडेलिनच्या गरीब वस्त्यांतून हजारो माणसे आली होती, शवपेटीला हात लागावा म्हणून रेटारेटी करीत होती. त्या गर्दीत कचऱ्याच्या ढिगावरून विटांच्या घरात गेलेलेही असतील आणि ज्यांची पोरे त्याच्या कामी आली तेही.