घर पाहावें बांधून

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून,’ ही म्हण मराठी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तिचा अर्थ बहुधा एवढाच घेतला जातो कीं, या दोन कार्यांत खर्चाचा अंदाज कधींच जुळत नाहीं. तो अर्थ खोटा नाहीं. पण अपुरा आहे. घर बांधणाराला काय पाहावें आणि केव्हां पाहावें हें कळलें, म्हणजे त्याची निम्मी अडचण सरते. कारण इमारतीचा स्वभावच असा कीं, जे भाग तिचा भार वाहतात आणि राहणारांच्या जिवाची राखण करतात, ते एकामागून एक दृष्टिआड होत जातात. पाया मातीखालीं जातो, सळया काँक्रीटमध्यें जातात, नळ गिलाव्याआड जातात. आणि शेवटीं डोळ्यांसमोर उरतात ते रंग, फरशी आणि दारांच्या कड्या. घरमालकाची हौस मात्र नेमकी या उरलेल्या वस्तूंवरच खर्च होते.

उदाहरणादाखल असा एक गृहस्थ कल्पावा कीं, ज्याचें सारें आयुष्य भाड्याच्या जागेंत गेलें, निवृत्तीच्या सुमारास ज्यानें सोलापुराच्या वेशीबाहेर तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब असा जमिनीचा तुकडा घेतला, आणि आतां जो तेथें स्वतःच्या देखरेखीखालीं घर बांधूं पाहतो. तो शिकलेला आहे, हिशेबी आहे; पण गवंड्याची थापी त्यानें कधीं हातांत धरलेली नाहीं. त्याच्यापुढें ज्या अडचणी येतील, त्या थोड्याफार फरकानें सर्वांच्याच पुढें येतात.

पहिली झांकलेली गोष्ट म्हणजे जमिनीची कुळकथा. सात-बाराचा उतारा अथवा मिळकतपत्रिका, मागील खरेदीखतें, बिनशेती वापराची स्थिति आणि मोजणीचा नकाशा हे कागद जाणत्या वकिलाकडून तपासून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत, आणि बांधकामाची परवानगी हातीं आल्यावांचून कुदळ मारूं नये. मंजूर नकाशांत चारी बाजूंस जेवढें मोकळें अंतर दाखविलें असेल, तेवढें आंखणीच्याच दिवशीं फितीनें मोजून घ्यावें. त्या दिवशीं दोन फूट सरकलेली भिंत पुढें भोगवट्याचा दाखला मागतांना आड येते. आणि तेव्हां ती सरकवितां येत नाहीं.

दुसरी झांकलेली गोष्ट पायाखालची माती. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. कापसाच्या पिकाला ती जितकी मानवते, तितकीच ती घराला वैरीण ठरते. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें चिकणमातीचें एक खनिज असतें. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात; त्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं ते दूर सरतात व माती फुगते, आणि उन्हाळ्यांत पाणी निघून गेलें कीं ती आकसून तिला खोल भेगा पडतात. घराच्या मधोमध असलेली माती आडोशामुळें फारशी बदलत नाहीं. कडेची मात्र दरवर्षीं वरखालीं होत राहते. त्यामुळें उथळ पायावरील भिंती कोठें उचलल्या जातात, कोठें खचतात, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. त्या बुजवून वर रंग दिला, तरी एखाद्या वर्षानें त्या पुन्हां डोकावतात. कारण दुखणें भिंतीचें नसतें, जमिनीचें असतें.

यावर उपाय म्हणजे पाया काळ्या थराच्या खालीं नेणें. नकाशा पुरा करण्यापूर्वींच जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो, तें अभियंत्याला दाखवावें. मुरूम जवळ असेल तर पाया त्यावर टेकवावा. काळा थर फार जाड असेल, तर ज्यांच्या तळाशीं कंदासारखा फुगवटा असतो असे काँक्रीटचे खांब जमिनींत खोल उतरवितात. वरचा थर हालला तरी खालचा फुगवटा खांबाला जागेवर धरून ठेवतो. या पद्धतीचा अभ्यास व प्रसार रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें केलेला आहे. जोत्यांतील भर खोदून काढलेल्या काळ्या मातीची कधींहि नसावी. ती मुरमाची असावी, आणि थराथरानें पाणी देऊन ठोकून घ्यावी. पावसाचें पाणी पायाशीं मुरूं नये म्हणून घराभोंवतीं बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी, आणि मोठीं वाढणारीं झाडें भिंतीपासून दूर लावावीं.

तिसरा प्रसंग काँक्रीट ओतण्याचा. सकाळीं मजुरांची टोळी येते, मिक्सर फिरूं लागतो, आणि ऊन चढूं लागतांच मुकादम म्हणतो, “साहेब, माल घट्ट होतोय, जरा पाणी वाढवूं द्या, म्हणजे भराभर पसरेल.” गृहस्थ भिडेनें मान हालवितो, आणि त्या एका होकारानें स्लॅबच्या आयुष्यांतील कित्येक वर्षें कमी होतात. सिमेंटच्या वजनाच्या सुमारें पाव हिस्सा पाणीच त्याच्याशीं संयोग पावतें; बाकीचें केवळ माल हालता राहावा म्हणून घालतात. घरबांधणीच्या कामाला सामान्यतः निम्म्याच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला सुमारें २५ लिटर पाणी धरतात. त्याहून अधिक घातलेलें पाणी मागाहून उडून जातें आणि आपल्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. त्यांतून पुढें ओल व हवा सळयांपर्यंत पोंचते, सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो आणि भोंवतालचें काँक्रीट फोडून काढतो. छताचे पापुद्रे पडूं लागले म्हणजे लोक सिमेंटच्या कारखान्याला दोष देतात. खरा दोष पाण्याच्या बादलीचा असतो. म्हणून खूण केलेली बादली वापरावी, आणि माल घट्ट वाटला तर काय मिसळावें हें अभियंत्याला विचारावें, मुकादमाला नव्हे.

वाळूहि अशीच फसविते. ओलसर वाळू मापांत फुगते. कोरड्या वाळूपेक्षां ती २० ते ३० टक्के अधिक जागा व्यापूं शकते. म्हणजे पाटीनें मोजली असतां वाळू कमी पडते; शिवाय तिच्या अंगचें पाणी हिशेबांत धरलें नाहीं तर एकूण पाणी वाढतें. वाळूंत माती किती आहे, हें तर घरच्या घरीं पाहतां येतें. कांचेच्या ग्लासांत अर्ध्यापर्यंत वाळू घ्यावी, वर पाणी घालून चांगलें हालवावें व कांहीं तास स्थिर ठेवावें. वाळूवर गाळाचा जाडसर थर बसला, तर ती गाडी परत पाठवावी. विटांचीहि अशीच परीक्षा आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असतां खणखणीत नाद यावा, आणि भरीव मातीवर कमरेच्या उंचीवरून टाकलेली वीट फुटूं नये.

यानंतरची चूक सर्वांत अधिक घडते, कारण ती कांहीं न केल्यानें घडते. सिमेंट ‘वाळतें’ असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तें वाळून कठीण होत नाहीं. पाण्याशीं संयोग पावून कठीण होतें, आणि हा संयोग अनेक दिवस चालूं राहतो. पाणी लवकर उडालें तर तो अर्धवट थांबतो, आणि मागाहून ओतलेल्या पाण्यानें ती हानि पुरती भरून येत नाहीं. म्हणून भारतीय मानकांत साध्या सिमेंटचें काँक्रीट निदान ७ दिवस, व राख अथवा भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटचें निदान १० दिवस सतत ओलें ठेवण्यास सांगितलें आहे. कडक, कोरड्या हवेंत ही मुदत अनुक्रमें १० व १४ दिवसांची होते. सिमेंट कोणत्या प्रकारचें आहे, हें पोत्यावर छापलेलें असतें. सोलापुराच्या उन्हाळ्यांत सकाळीं एकदां नळी फिरविणें म्हणजे ओलें ठेवणें नव्हे. स्लॅबवर लहान लहान वाफे करून त्यांत पाणी तुंबवावें, खांबांना ओलें गोणपाट गुंडाळावें. पाणी विकत घ्यावें लागत असेल तर हा खर्च गृहस्थाच्या जिवावर येतो. म्हणून त्याची रक्कम अंदाजपत्रकांत पहिल्यापासून धरावी, आणि शक्य तर स्लॅबचें काम हिंवाळ्यांत येईल असा बेत करावा. खालचे टेकू केव्हां काढावयाचे, हेंहि अभियंत्याकडून लेखी घ्यावें.

सळया झांकल्या जाण्यापूर्वीं त्या नकाशाबरहुकूम आहेत कीं नाहींत, हें अभियंत्यानें स्वतः येऊन पाहिलें पाहिजे. घरमालकालाहि दोन गोष्टी सहज पाहतां येतात. एक, सळया साच्याच्या तळाला टेकलेल्या नसाव्या. त्यांखालीं ठोकळे ठेवून स्लॅबला २० व खांबाला ४० मिलिमीटर तरी आच्छादन मिळावें. दुसरी, खांबांतील उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांचीं टोंकें खांबाच्या गाभ्याकडे आंत वळविलेलीं असावीं. नुसतीं काटकोनांत मुडपलेलीं टोंकें भूकंपाच्या हिसक्यानें उलगडतात.

भूकंपाचें नांव येथें उगीच घेतलेलें नाहीं. दख्खनचें पठार स्थिर आहे, ही जुनी समजूत ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेच्या भूकंपानें हादरली. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, सोलापुराच्या ईशान्येस असलेल्या किल्लारीच्या परिसरांत तिची पुरती राख झाली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोंपेंत होते. हजारों माणसें गेलीं, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घरांच्या भिंतींखालीं गेलीं. त्या भिंती बारीक नव्हत्या, चांगल्या रुंद होत्या. पण दगड मातीच्या गाऱ्यांत रचलेले होते, आंतली व बाहेरची अंगें एकमेकांस बांधणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणीं नव्हते, आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार होता. हादरा बसतांच भिंतीचीं दोन्ही अंगें फुटून अलग झालीं आणि माळवद खालीं आलें. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हा धडा या प्रांतानें फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. भिंतींवर भार असलेल्या घराला जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या व छपराच्या पातळीवर सळया घातलेला सलग काँक्रीटचा पट्टा असला, तर पिंपाच्या पट्टीप्रमाणें तो चारी भिंतींना एकत्र आंवळून धरतो. त्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानानें थोडा असतो. पण गिलाव्यानंतर तो दिसत नाहीं, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावरच चालते.

न्हाणीघर व गच्ची यांची परीक्षा फरशी बसविण्यापूर्वीं घ्यावी. मोरीचें तोंड बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावें आणि खालून ओल येते का तें पाहावें. नळ व विजेच्या नळ्या भिंतींत गाडल्या कीं गिलाव्यापूर्वीं प्रत्येक भिंतीचें छायाचित्र जवळ फीत धरून घ्यावें. आज हातांतील फोननेंच हें काम होतें, आणि पुढें खिळा ठोकतांना अथवा गळती शोधतांना तें छायाचित्र लाख मोलाचें ठरतें.

राहिला पैशाचा प्रश्न. अंदाज चुकतो तो बहुधा दोन कारणांनीं. कुंपण, पाण्याची टांकी, सांडपाण्याची सोय, परवानगीची फी या बाबी प्रथम धरलेल्याच नसतात. आणि काम चालूं असतां ‘ही भिंत जरा इकडे घेऊं’ असे बदल होत राहतात. पहिल्यासाठीं अंदाजाचा निदान दहावा हिस्सा वेगळा काढून ठेवावा. दुसऱ्यासाठीं घरांतील सर्वांनीं, विशेषतः स्वयंपाकघरांत वावरणारांनीं, नकाशा कागदावर असतांनाच भांडून घ्यावें. कागदावरची भिंत खोडरबरानें पुसतां येते. मक्तेदाराला पैसे तारखेवर न देतां टप्प्यावर द्यावे, आणि करारनाम्यांत एक कलम स्पष्ट लिहावें: कोणताहि भाग मालकाला व अभियंत्याला दाखविल्यावांचून झांकावयाचा नाहीं. हें एक कलम पाळलें गेलें, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका वेळींच उघड्या पडतात. या कलमानें प्रामाणिक कारागिराचा अपमान होत नाहीं. उलट, आपलें झांकलें जाणारें काम कोणीतरी पाहिलें, याचें त्याला समाधानच वाटतें.

वास्तुशांतीच्या दिवशीं पाहुणे फरशीची व रंगाची वाखाणणी करतील. पाया किती खोल गेला, हें कोणी विचारणार नाहीं. तरी त्या गृहस्थानें खड्ड्यांची खोली, काँक्रीटच्या तारखा, पाणी मारल्याचे दिवस, सळयांच्या नोंदी व छायाचित्रें एका वहींत नीट लावून ती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. तीस वर्षांनीं मुलाला वर मजला चढवावासा वाटला, तर भिंतीआड काय आहे हें तो त्या वहींतून पाहूं शकेल.