अस्वलाला गावाची चटक लागते का?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा हंगाम आला, की विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत अस्वलाने जखमी केलेले रुग्ण येऊ लागतात. जखमा बहुधा डोक्याला नि चेहऱ्याला. सोबतचा नातेवाईक हमखास म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, त्याले गावच्या खाण्याची चटक लागली जी!’’

खरेच लागते का? अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन शहरालगत संशोधकांनी काळ्या अस्वलांना जीपीएस पट्टे बांधून काही वर्षे माग काढला. रानात फळे कमी धरली, त्या वर्षी अस्वले शहरातल्या कचरापेट्यांकडे वळली. पुढे रानमेवा पिकला, तशी ती पुन्हा रानात रमली. म्हणजे ही चटक नव्हे, नड.

मात्र हे खाणे त्यांना मानवत नाही. आपल्या तयार खाद्यपदार्थांत मका आणि उसाची साखर भरपूर असते. त्यातल्या कार्बनची खूण अस्वलाच्या केसांत उमटते. त्यावरून कोलोरॅडोत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांचे अन्न अधिक खाणाऱ्या अस्वलांची शीतनिद्रा आखूड झाली होती. निद्रा जितकी आखूड, तितकी गुणसूत्रांच्या टोकांची झीज, म्हणजे पेशींचे वार्धक्य, अधिक.

आपले अस्वल शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभरे आणि मोहफुले हा त्याचा आहार. मोहाखाली ते आपले अन्न चोरायला येत नाही. एकाच पंगतीला दोघे बसतात, तेही पहाटेच्या अंधारात. अचानक समोरासमोर आले, की दचकलेले अस्वल हल्ला करते.

म्हणून उजाडल्यावर, दोघा-चौघांनी, बोलत-आवाज करत जावे. शिळे अन्न गावाबाहेर उघड्यावर टाकू नये. हल्ला झालाच, तर रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबवावा आणि रुग्णाला लगेच रुग्णालयात हलवावे. लहान जखमा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवाव्यात. हळद, चुना लावू नये. टाके पडले म्हणजे उपचार संपले असे नाही. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन हवेच. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. चेहऱ्याचा व्रण राहील, पण जीव राहील.