काचेमागे लिहिणारे हात

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बैठकीच्या दरवाज्यावर एक काचेची तसबीर असते. काळी किंवा गर्द हिरवी जमीन आणि तिच्यावर चमचमणारी अक्षरं. कुठे बिस्मिल्लाह, कुठे पूर्ण आयतुल कुर्सी, कुठे मधोमध ‘या अल्लाह’ आणि दोन्ही बाजूंना काबा शरीफ व गुंबद-ए-खजरा. कुणी ती उर्साच्या बाजारातून आणलेली असते, कुणी नागपूरच्या ताजबागेतून. कधी आणली असं विचारलं तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, ‘दादीच्या वेळची आहे.’ आपण तिला तुगरा म्हणतो. खरं तर तुगरा म्हणजे उस्मानी सुलतानांच्या सहीची नक्षीदार मोहर. आपल्याकडे तो शब्द भिंतीवरच्या सगळ्याच लिखाणाला लागला.

ही तसबीर छापलेली नसते, हे आम्ही वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना पटेना. मग एक जुनी तसबीर उघडून दाखवली. मागचा पुठ्ठा काढला, तशी चुरगळून पुन्हा सपाट केलेली चंदेरी पन्नी निघाली, आणि पन्नी उचलताच अक्षरांच्या जागी नुसती आरपार काच! मुलं एकदम गप्प झाली. चमकणारं अक्षर म्हणजे रंग न लावलेली जागा. कारागिराने रंग लावला होता तो अक्षरांच्या भोवती.

कामाची रीत अशी. आधी कातिबाकडून किंवा चांगलं वळण असलेल्या माणसाकडून आयत पातळ कागदावर लिहून घ्यायची. कागदाला तेल लावलं की अक्षरं मागूनही दिसतात. तो कागद उलटा करून काचेखाली ठेवायचा आणि बारीक ब्रशने कडा ओढून घ्यायच्या. कडा वाळल्या की मधली अक्षरं मोकळी सोडून बाकीची जमीन इनॅमल रंगाने भरायची. रंग सुकला की मागे पन्नी, पन्नीवर पुठ्ठा आणि मग चौकट. पन्नी मुद्दाम चुरगळतात, कारण सपाट पन्नी एकाच बाजूने चमकते. सुरकुत्या असल्या की माणूस खोलीत कुठेही उभा राहिला तरी काही ना काही चमकतं.

काचेवरचं काम सगळं उलट्या क्रमाने चालतं. कागदावर आधी जमीन रंगवतात, मग आकृती, शेवटी बारीक रेघ. काचेवर बारीक रेघ पहिली आणि जमीन शेवटची. एकदा जमीन भरली की आतली रेघ सुधारता येत नाही, सगळं खरवडावं लागतं. म्हणूनच जमीन भरण्याआधी काच एखाद्या हाफिजसाहेबांना किंवा मौलानांना दाखवायची रीत होती. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो, आणि आयतीच्या बाबतीत ती साधी चूक राहत नाही. शिवाय दिशाही फिरते. काचेच्या मागून लिहिताना उर्दू डावीकडून उजवीकडे चालते आणि मराठी उजवीकडून डावीकडे. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आम्हाला या गोष्टीची मोठी गंमत वाटते.

पन्नी ही गरिबाघरची सोय. या कलेचं श्रीमंत रूप म्हणजे काचेवर खऱ्या सोन्याचा वरख. मोठ्या शहरांत जुन्या पेढ्यांच्या, सराफांच्या, औषधांच्या दुकानांच्या काचांवर सोनेरी अक्षरं असत, ती या पद्धतीची. वरख इतका पातळ असतो की दहा हजार पानं एकावर एक ठेवली तर जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरते. उजेडासमोर धरलं तर त्यातून हिरवट प्रकाश येतो. असलं पान बोटाने उचलताच येत नाही, बोटालाच चिकटून विरतं. त्यासाठी खारीच्या केसांचा चपटा ब्रश लागतो. कारागीर तो ब्रश स्वतःच्या गालावरून एकदा फिरवतो. गालाचा जो किंचित तेलकटपणा केसांना लागतो तेवढ्यावर पान उचललं जातं.

आधी काच अगदी स्वच्छ करायची, तिच्यावर तेलाचा एक डागही राहता कामा नये. मग पाण्यात चिमूटभर जिलेटिन विरघळवून त्या पाण्याने काच ओली करायची आणि ओल्या काचेजवळ पान न्यायचं. पान आपणच काचेकडे झेपावतं. पाणी सुकतं, जिलेटिनचा थर दिसेनासा होतो आणि समोरून सोनं आरशासारखं झळकतं. बारीक भोकं राहतात म्हणून दुसरा थर द्यायचा. त्यानंतर सोन्याच्या मागे अक्षरं रंगाने उलटी लिहायची, आणि रंग वाळला की उरलेलं सोनं ओल्या कापसाने पुसून टाकायचं. रंगामागचं सोनं तेवढं राहतं. शेवटी सावली, कडा आणि वॉर्निश.

फ्रेंच लोक या कामाला १८व्या शतकातल्या ग्लोमी नावाच्या एका सजावटकाराच्या नावाने ओळखतात, पण काचेमागे सोनं लावण्याची युक्ती त्याच्या कितीतरी आधीची, रोमन काळातली आहे. आपल्या परंपरेत सोनं काचेपेक्षा कागदावर जास्त चढलं. कुरआन शरीफच्या जुन्या हस्तलिखितांत आयत संपते तिथे सोन्याचा ठिपका किंवा फूल असतं. त्या कलेला तजहीब म्हणतात, ‘जहब’ म्हणजे सोनं यावरून. काचेवरचं चित्रकाम तुर्कस्तानात आणि ट्युनिसमध्ये घरोघरी पोहोचलं. आफ्रिकेतल्या सेनेगालमध्ये आजही काचेमागे बुजुर्गांची चित्रं रंगवतात. आपल्या किनाऱ्यावर हे काम १८व्या शतकात चीनच्या व्यापारातून आलं आणि हळूहळू देशभर पसरलं.

आता आपल्या भागाकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आमच्या पाहण्यात खऱ्या वरखाचं काम नाही. इथे पन्नीचे तुगरे होते, डॉक्टर-वकिलांच्या काचेच्या पाट्या होत्या, आणि सगळ्यात जास्त होतं ते टिनावरचं, लाकडावरचं, भिंतीवरचं लिखाण. हे करणारे ‘पेंटर’ आमच्या पाहण्यातल्या गावांत बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले. जटपुरा गेटापासून गांधी चौकाकडे जाताना वर बघत चाललं तर पूर्वी एकेका पाटीवरून हात ओळखू यायचा.

एका पेंटरच्या हातून काय काय जात असे! एसटीच्या गाडीपुढची गावाच्या नावाची टिनाची पाटी. कोळसा वाहणाऱ्या ट्रकच्या मागची फुलं आणि शेर. गणेश मंडळाची कमान. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेतली दुकानं. १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, कारण १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथेच दीक्षा दिली. त्या दिवसांतले निळे फलक याच हातांचे. आणि रबीउल अव्वलमध्ये जुलूसाच्या स्वागताचं कापड. जो हात एका पंधरवड्यात ‘जय भीम’ लिहायचा तोच पुढच्या पंधरवड्यात ‘जश्न-ए-ईद-ए-मिलाद’. यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नसे, कामच होतं ते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यापासून वेगळा झाला आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर पाट्यांचंही काम वाढलं. तिथल्या पेंटरची परीक्षा लिपींची. सिरोंच्याला गोदावरी-प्राणहितेच्या संगमावर दुकानाची पाटी तेलुगूतही लागते. मुलचेरा, चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून येऊन वसलेली गावं आहेत, तिथे बंगाली अक्षरं. मशिदीला उर्दू. बाकी सगळीकडे देवनागरी, मग भाषा कधी मराठी, कधी गोंडी, कधी माडिया. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचं वाक्य तर देशभर गाजलं: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. अशी वाक्यं जंगलातल्या माणसांपर्यंत पोहोचली ती पुस्तकांतून कमी आणि गेरूच्या भिंतीवरच्या पांढऱ्या अक्षरांतून जास्त. मलेरियाची सूचना, पोलिओची तारीख, वणवा लावू नका हे आवाहन, सगळं त्याच भिंतीवर. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचं पहिलं वाचन पाठ्यपुस्तकाबाहेर असं भिंतीवर झालं.

देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकतं, तर नस्तालीक उजवीकडून वरून खाली डावीकडे उतरतं. देवनागरीत दोरी मारली की निम्मं काम झालं: दोन टोकांना दोन माणसं, खडूची पूड लावलेली दोरी, मध्ये एक टिचकी. नस्तालीकला दोरी कामाची नाही. तिथे माप नुक्त्याचं. अलिफ किती नुक्ते उंच, बेची नाव किती नुक्ते लांब, हे हाताला पाठ असावं लागतं. दोन्ही जमणारे फार थोडे. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग पेंटर त्यांतले. आता सत्तरीचे आहेत, हात थोडा थरथरतो. ‘मास्टरसाब, मराठी आजही लिहीन,’ ते म्हणाले, ‘उर्दूचं मात्र घोटावं लागतं. सहा महिने काम आलं नाही की ऐनचा डोळा बिघडतो.’ पोरगं काय करतं, असं आम्ही विचारलं. फ्लेक्सच्या दुकानात मशीनवर बसतं. ‘चांगलं आहे, चाचा.’ ‘हो, सावलीत तरी आहे.’

फ्लेक्सने कामाचा दर पाडला हे सगळेच सांगतात. सकाळी सांगा, संध्याकाळी लावा; वर फोटोही. आम्हीही शाळेच्या कार्यक्रमाला फ्लेक्सच मागवतो, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण इथल्या हवेत ते किती टिकतं ते बघा. चंद्रपूरचा उन्हाळा ४७-४८ अंशांना जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातली सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रं जाहीर केली, त्यांत चंद्रपूर होतं. अशा उन्हात आणि कोळशाच्या धुळीत फ्लेक्स लवकरच विटतो, मग तडकतो आणि शेवटी कुणाच्या तरी गोठ्यावर किंवा नालीत जातो. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. जाड फ्लेक्स त्यातून सुटले. काचेच्या पाटीचा रंग मात्र आतल्या बाजूला असतो. बाहेरची धूळ फडक्याने पुसली की पाटी पुन्हा नवी. कोळशाच्या गावाला याहून सोयीची पाटी दुसरी कोणती?

एक संधी आली होती. २०२२ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असंही ठरवलं. मुंबईतल्या दुकानदारांना सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्याही, पण आमच्या पाहण्यात ते काम ब्रशकडे न येता यंत्राकडेच गेलं. त्याच महिन्यात, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, माळी असे १८ व्यवसाय आहेत. पाट्या रंगवणारा त्यांत नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे. घरांचं रंगकाम करणाऱ्याला निदान बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते: वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस कामाचा दाखला. पाटीवाले पुष्कळ जण उन्हाळ्यात घरंही रंगवतात. तुमच्या मोहल्ल्यात असा कुणी असेल तर त्याला ही नोंदणी करायला सांगा, फॉर्म भरून द्या.

उर्दूच्या बाबतीत नुकसान पैशापुरतं नाही. निकाहचे, जलशाचे फ्लेक्स आम्ही बघतो, तेव्हा कित्येकदा उर्दू अक्षरं सुटी-सुटी आणि उलट्या क्रमाने छापलेली असतात. संगणकात ती लिपी जोडणारी सोय नसली की असं होतं, आणि मशीनवरच्या पोराला उर्दू वाचता येत नसल्याने ते त्याच्या ध्यानातही येत नाही. पेंटर मुद्दाम उलटं लिहायचा आणि समोरून ते सुलटं दिसायचं. इथे सुलटं दिलेलं उलटं होऊन येतं, आणि मांडवात शंभर माणसं त्याच्याखाली बसून जेवतात!

या हातांची कदर करणारेही होऊन गेले. मकबूल फिदा हुसेन, जन्म १९१५, पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवतच ते पुढे आले. गुजरातचे हनीफ कुरेशी यांनी बडोद्याला कलाशिक्षण घेतलं आणि रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरवळणं जमा करून त्या-त्या पेंटरच्या नावाने संगणकाचे टंक तयार केले. ‘पेंटर कफील’ हा त्यांतला एक. सप्टेंबर २०२४ मध्ये कुरेशी ऐन उमेदीत वारले. हे काम एकट्यादुकट्यालाही करता येतं. गावातल्या जुन्या पाट्यांचे फोटो मुलांकडून काढून घ्या, पेंटरचं नाव आणि साल लिहून ठेवा. आठवी-नववीची मुलं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अक्षरलेखन शिकतात, त्यांना महिन्यातून एक दिवस पेंटरचाचांच्या शेजारी बसवा. आम्ही दोन मुलांना बसवतो आहोत. एकीची देवनागरी चांगली उतरते, दुसऱ्याला फक्त ट्रकवरची फुलं काढायची असतात.

घरातल्या जुन्या तुगऱ्याबद्दल थोडं. समोरची काच कोरड्या फडक्याने पुसा. फार तर फडकं किंचित ओलं करा, पण पाणी चौकटीत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर तो टांगू नका, रंग मागून सुटतो. पन्नी काळी पडली असेल तर मागचा पुठ्ठा हळूच उघडून पन्नी बदलता येते, मात्र काचेच्या मागच्या बाजूला ओलं फडकं अजिबात लावू नका. जुन्या इनॅमल रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावं हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचा रंग खरवडायचा झाला तर लहान मुलांना लांब ठेवा. रंग सुटला असेल तर स्वतः ब्रश लावण्याआधी पेंटरला दाखवा. आमच्या चाचांकडे असे तीन तुगरे दुरुस्तीला आलेले आहेत, आणि ते सध्या एक काच पुन्हा लिहीत आहेत, आयतुल कुर्सीची.