हाडाला खडबडीतपणा का आवडतो?

गवंडी काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर थेट गिलावा करत नाही. आधी छिन्नीने टाचे मारतो, मगच गिलावा धरतो. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूलाही, म्हणजे इम्प्लांटला, आज असेच टाचे मारलेले असतात. फक्त ते एक-दोन मायक्रोमीटरचे. मात्र हाड म्हणजे सिमेंट नव्हे, ते जिवंत आहे. म्हणून नेमके काय घडते ते पाहू या.

१९५०च्या दशकात स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर काढू गेले, तर ती निघेना! हाड तिला चिकटून वाढले होते. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. ते लेथवर कातलेले, जवळजवळ गुळगुळीत होते. त्यांवर दात चढवण्याआधी खालच्या जबड्यात तीन, तर वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे.

एवढी वाट कशासाठी? स्क्रू पिळून बसवला की तो सुरुवातीला केवळ आवळलेपणामुळे घट्ट राहतो. पुढे शरीर त्याच्याभोवतीचे दुखावलेले हाड काढून टाकू लागते आणि नवे हाड भरू लागते. जुनी पकड सुटत असते, नवी पुरती आलेली नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराचा हा काळ सर्वांत नाजूक. या काळात स्क्रू साधारण १५० मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे दोन केसांच्या जाडीपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते आणि सारा खटाटोप वाया जातो.

खडबडीतपणाचा उपयोग इथे होतो. स्क्रू बसताच त्यावर रक्त साकळते आणि फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. हाड तयार करणाऱ्या पेशी या धाग्यांना धरून, त्यांना ओढत पुढे सरकतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ताणाने धागे सुटतात. खाचा असतील तर टिकतात. मग पेशी थेट धातूपर्यंत पोहोचतात आणि हाड दोन्ही बाजूंनी वाढते: जुन्या हाडाकडून स्क्रूकडे, आणि स्क्रूकडून बाहेर.

डॅनिएल बुसर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली छोट्या जातीच्या डुकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. चकचकीत केलेल्या पृष्ठभागाला २० ते २५ टक्के भागातच हाड भिडले होते. वाळूसारख्या कणांचा मारा करून मग आम्लाने कोरलेल्या पृष्ठभागाला ५० ते ६० टक्के. अशा इम्प्लांटवर बऱ्याच रुग्णांत सहा ते आठ आठवड्यांत दात चढवता येतो.

पृष्ठभाग ओला होतो की नाही, हेही महत्त्वाचे. वर्गात अळवाच्या पानावर आणि स्वच्छ काचेवर पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहा. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. ताजा असताना तो काचेसारखा वागतो, पण हवेतील कार्बनी रेणू बसत गेले की थोडा अळवाकडे झुकतो! म्हणून काही इम्प्लांट मिठाच्या द्रावणात बुडवूनच पाठवतात.

मग आणखी खरखरीत केले तर? तसे करून झाले आहे. दोन मायक्रोमीटरच्या पुढे फारसा लाभ दिसत नाही, आणि हिरडी मागे सरून तो भाग उघडा पडला तर त्याच खाचांत जीवाणू ठाण मांडतात. ते खरवडून काढणे दंतवैद्याला फार जड जाते. म्हणूनच काही इम्प्लांटचा हिरडीलगतचा काठ आजही गुळगुळीत ठेवलेला असतो.