सातवा सेक्टर

संपादकांना यशोगाथा हवी होती. दहावीनंतर शिक्षण सोडलेला थोरला भाऊ, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान, धाकट्याचं कॉम्प्युटरचं शिक्षण आणि शेवटी शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. पुण्याच्या ‘क्विक हील’ची ही गोष्ट इतक्या व्यासपीठांवरून सांगून झाली आहे की टाळ्या कुठे पडणार हेही श्रोत्यांना पाठ झालंय. मला मात्र त्या गोष्टीतलं दुरुस्तीचं टेबल खुणावत होतं. व्हायरसविरुद्ध लढणाऱ्या बहुतेक कंपन्या प्रोग्रॅमरांनी काढल्या; ही एका दुरुस्तीच्या दुकानातून निघाली. त्याने फरक पडला असणार, असं वाटत होतं.

इतिहास थोडक्यात उरकतो. काटकर कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं, वडील पुण्यात फिलिप्समध्ये कामाला. थोरले कैलास काटकर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर लागले, आणि १९९० मध्ये पंधरा हजार रुपये घालून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. बँकांमध्ये दुरुस्तीला जाता-येता त्यांना कॉम्प्युटर दिसला. आपल्या धंद्याचं पुढे काय होणार, हे त्यांनी त्या पडद्याकडे बघूनच ओळखलं असावं. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ सुरू झाली. धाकटे संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते.

आता टेबलाकडे येऊ. त्या काळात दुरुस्तीला आलेल्या पीसीत कित्येकदा सुटा भाग एकही बिघडलेला नसायचा, आत व्हायरस असायचा. यावरचा सोपा इलाज म्हणजे डिस्क फॉरमॅट करून टाकणं. पण त्याच डिस्कवर गिऱ्हाइकाचे वर्षभराचे हिशेब, पगारपत्रकं, पार्ट्यांची येणी असायची आणि बॅकअप नावाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेलीही नसायची. फॉरमॅट करून मशीन परत करणाऱ्या मेकॅनिकला कुणी दुसऱ्यांदा दारात उभं करत नसे.

मायकेलअँजेलो या व्हायरसचंच बघा. १९९१ मध्ये सापडलेला हा व्हायरस वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला मशीन सुरू केलं की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून काढायचा. तो यायचा ड्राइव्हमध्ये विसरून राहिलेल्या फ्लॉपीतून. त्या काळचा पीसी सुरू होताना डिस्कवरचा पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर अवघ्या ५१२ बाइट्सचा असतो. त्यात जे लिहिलं असेल ते मशीन निमूटपणे करतं. व्हायरस हीच जागा बळकावतो. पण तिथला मूळ मजकूर त्याने पुसला तर मशीन सुरूच होणार नाही आणि त्याचं बिंग लगेच फुटेल. म्हणून तो मूळ सेक्टर उचलून पहिल्याच ट्रॅकवरच्या सातव्या सेक्टरात नेऊन ठेवतो. चोराने पळवलेला ऐवज त्याच घराच्या माळ्यावर लपवावा, तसं. दर वेळी मशीन सुरू झालं की आधी व्हायरस चालतो, मेमरीचा वरचा २ केबी तुकडा आपल्या नावावर करतो, मग सातव्या सेक्टरातल्या मूळ कोडला हाक मारतो आणि डॉस नेहमीसारखं सुरू होतं. खूण एवढीच, की ‘चेकडिस्क’ चालवलं तर एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट्सऐवजी ६,५३,३१२ दिसते. दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट्सची ही तूट ज्याच्या नजरेला पडायची, तो त्या काळी तज्ज्ञ.

एवढं समजलं की उपाय सोपा आहे. राइट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं, सातवा सेक्टर वाचायचा, पहिल्यात परत लिहायचा. हिशेब जिथल्या तिथे.

पण गंमत पुढे आहे. ‘स्टोन्ड’ नावाचा आधीचा एक व्हायरसही मूळ सेक्टर सातव्यातच लपवायचा. एकाच मशीनला आधी स्टोन्ड आणि मग मायकेलअँजेलो झाला, तर दुसरा पहिल्याला उचलून सातव्यात टाकतो आणि तिथला मूळ सेक्टर पुसला जातो. मग मशीन सुरू होताना मायकेलअँजेलो सातव्याला हाक मारतो, तिथे बसलेला स्टोन्डही सातव्यालाच, म्हणजे स्वतःलाच, हाक मारत राहतो. मशीन तिथेच घुटमळतं. इथे सातवा पहिल्यात परत ठेवणारा प्रोग्रॅम एका व्हायरसच्या जागी दुसरा बसवून मोकळा होईल. पहिला सेक्टर नव्याने लिहावा लागतो.

ही कामं करायला व्हायरसचा मशीन कोड डीबगरमध्ये धरून एकेक सूचना वाचावी लागते. संजय काटकर हेच करत होते. दुकानात जो व्हायरस येईल त्याच्यापुरता छोटा प्रोग्रॅम लिहायचा, गिऱ्हाइकाची डिस्क साफ करून द्यायची. हे सुटे प्रोग्रॅम एकत्र करून १९९५ मध्ये डॉसवरचं क्विक हील बाजारात आलं. संसर्ग झालेली फाइल उडवण्यापेक्षा ती बरी करून परत द्यायची, हा मेकॅनिकचा आग्रह त्यात पहिल्यापासून होता, असं मला वाटतं.

विकणं मात्र लिहिण्याहून कठीण गेलं. मशीनचे पैसे मोजणारा माणूस सॉफ्टवेअरसाठी खिशात हात घालायला तयार नव्हता. फ्लॉपीची कॉपी मारून मिळत होती ना! वाट निघाली ती गावोगावच्या कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदारांतून. गिऱ्हाइकाला अँटिव्हायरसमधलं काही कळत नसे. दुकानदार सांगेल ते तो घ्यायचा, आणि अडलं तर त्यालाच फोन करायचा. २००३ मध्ये नाशिकला शाखा निघाली, २००७ मध्ये कंपनीने उत्पादनाचंच नाव घेतलं, २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने ६० कोटी रुपये गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांना शेअर विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या बराच खाली बंद झाला.

बाजार धास्तावला यात नवल नव्हतं. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस आतच घालून दिला होता, तोही फुकट. पण मला त्याहून मोठा घाव दुसरा वाटतो, आणि त्याची चाहूल १९९४ मध्येच लागली होती. स्लोव्हाकियातून आलेला ‘वन हाफ’ हा व्हायरस मशीन सुरू होईल तशी डिस्क शेवटाकडून थोडी थोडी कुलूपबंद करत यायचा. तो जिवंत असेपर्यंत फाइली नीट उघडायच्या, कारण किल्ली त्याच्याकडे. घाईघाईने त्याला पुसलं की किल्लीही गेली आणि डेटाही. आधी किल्ली काढून घ्यायची, सगळं कुलूप उघडायचं, मग त्याला मारायचं. दुरुस्तीवाल्याच्या कौशल्याची ही कमाल होती, कारण किल्ली अजून त्याच मशीनवर होती.

खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरवाल्यांनी ती किल्ली मशीनबाहेर नेली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर फाइली बंद केल्या तेव्हा किल्ली हल्लेखोरांपाशी होती. क्विक हीलने रॅन्समवेअरने बंद केलेल्या फाइली सोडवायचं एक फुकट साधन काढलंय. दुरुस्तीवाल्याला स्वस्थ बसवत नाही हेच खरं. पण अशी साधनं चालतात ती गुन्हेगारांनी कुठे चूक केली असेल किंवा किल्ल्या बाहेर पडल्या असतील तरच. २०१६ मध्ये ‘टेस्लाक्रिप्ट’च्या कर्त्यांनी आपणहून मुख्य किल्ली देऊन टाकली होती. असं कुणी रोज करत नाही.

दरम्यान कंपनी ‘सेक्राइट’ या नावाने कारखाने, बँका, सरकारी खात्यांकडे वळली. भारतीय लष्कराला लक्ष्य करणारी ‘साइडकॉपी’ टोळी २०२० मध्ये कंपनीच्याच माणसांनी उजेडात आणली. डीबगर वाचायची सवय तिथे कामी आली. पण पुण्यातच ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, बहुतेक बनावट कार्डांनी, २८ देशांतल्या एटीएममधून. एटीएमची मागणी बँकेकडे न जाता मध्येच बसवलेल्या खोट्या स्विचकडे जात होती, आणि तो प्रत्येकीला होकार देत होता. त्यात कुणाची फाइल बिघडली नव्हती.

‘डिजिटल अरेस्ट’ या फसवणुकीत तर मशीनला काही होतच नाही. व्हिडिओ कॉलवरच्या नकली अधिकाऱ्याला घाबरून सत्तरीचे आजोबा स्वतः बँकेत जातात, एफडी मोडतात, आरटीजीएसच्या फॉर्मवर स्वतः सही करतात. त्यावर २०२४ मध्ये कंपनीने फसवणूक ओळखणारं एक नवं अ‍ॅप आणलं. ते संशयास्पद कॉलवर, लिंकवर सावध करू शकतं. सही करणारा हात ते धरू शकत नाही.

तालुक्याच्या गावातल्या ज्या दुकानदारांनी एके काळी क्विक हीलचे खोके घरोघर पोचवले, ते लायसन्स संपत आलं की गिऱ्हाइकाला अजून फोन करतात. ‘विंडोजमध्ये असतंच की,’ असं उत्तर मिळतं. त्यातले बरेच जण आता सीसीटीव्ही बसवतात.