ब्लूटूथचा छापील वेग व बांधावरील वेग

जमिनींतील ओल मोजून तिची नोंद ठेवणारीं यंत्रें आतां बागाइतांत बसूं लागलीं आहेत. या नोंदी फोनवर उतरविण्यास पुष्कळ यंत्रांत ब्लूटूथची योजना असते. माहितीपत्रकांत वेग 'सेकंदास 20 लक्ष बिट' असा छापलेला असतो. पण बांधावर कधीं कधीं अर्धा तास तिष्ठत बसावें लागतें. सोळा आणे पीक व प्रत्यक्ष आणेवारी यांत जो भेद, तोच येथें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, 8 बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे 20 लक्ष बिट हे अडीच लक्ष बाइटच होत. दुसरें, मजकूर लहान पुडक्यांतून जातो. प्रत्येक पुडक्यावर पत्ता व तपासणीचे आंकडे असतात, प्रत्येकाची पोंच यावी लागते, व मध्यें 150 मायक्रोसेकंद थांबावें लागतें. त्यामुळें उत्तम स्थितींतही सुमारें 14 लक्ष बिटच पदरांत पडतात. तिसरें, फोन व यंत्र यांची गांठ ठराविक अंतरानेंच पडते, आणि तें अंतर शेवटीं फोन ठरवितो.

उदाहरण घेऊं. दर 10 मिनिटांस एक नोंद धरल्यास वर्षाच्या 52,560 नोंदी होतात. नोंदीस 20 बाइट धरले, तर एकूण साडेदहा लक्ष बाइट भरतात. जुन्या पद्धतीच्या पुडक्यांत 20 बाइटच मावतात. दर 30 मिलिसेकंदांस असें एकच पुडकें गेलें, तर सर्व नोंदींस 26 मिनिटें लागतील. 2014 सालच्या 4.2 आवृत्तीपासून पुडक्यांत 244 बाइट मावूं शकतात. तशीं सहा पुडकीं दर गांठीस गेलीं, तर तेंच काम सुमारें 22 सेकंदांत उरकेल.

या लहरी पाणी शोषून घेतें. म्हणून उभा ऊंस, ओलीं पानें, किंबहुना आपलें शरीरही आड आलें, तर पुडकीं बिघडतात व पुन्हां पाठवावीं लागतात. यास्तव यंत्राजवळ जाऊन फोन समोर धरावा, व नोंदी वर्षभर सांचूं न देतां आठवड्यास उतरवाव्या. छायाचित्रांसारख्या मोठ्या मजकुरास वाय-फायच बरें.

यंत्र घेण्यापूर्वीं विक्रेत्यास छापील वेग विचारूं नये. वर्षाच्या नोंदी आपल्याच फोनवर किती मिनिटांत उतरतात, हें समक्ष दाखविण्यास सांगावें. यंत्र नवें पण फोन जुना असल्यास वेग जुन्याचाच मिळतो, हेंही विसरूं नये.