वेटोळ्यांचं कापड

घरातला एखादा जुना टी-शर्ट घ्या आणि त्याची सुलट बाजू भिंगातून पाहा. इंग्रजी ‘व्ही’सारख्या खुणांच्या उभ्या रांगाच रांगा दिसतील. उलट बाजूला बारीक आडव्या कमानी. साडीच्या किंवा सदऱ्याच्या कापडात असतो तसा ताणा-बाणा इथे नाहीच. धागा आडवा वळत जातो, खालच्या ओळीतल्या प्रत्येक वेटोळ्यातून नवं वेटोळं वर निघतं, आणि अशा हजारो वेटोळ्यांचं कापड होतं. दोन सुयांवर स्वेटर विणतात ते हेच विणकाम, फक्त कितीतरी बारीक धाग्याचं. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये ते यंत्रावर आणलं, पायमोज्यांसाठी. आज तमिळनाडूतल्या तिरुपूरचं अख्खं नाव या होजिअरीवर उभं आहे.

आता ते कापड आडवं ओढा. गंमत अशी की धागा स्वतः जवळजवळ लांबत नाही. वेटोळं उंचीला कमी होऊन रुंद होतं. सोडलं की परत गोल. सुती वेटोळं परतायला जरा आळस करतं, म्हणून त्यात थोडा स्पॅन्डेक्स घालतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये शोधलेला हा तंतू मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही जागेवर येतो. दुकानात आपण त्यालाच लायक्रा म्हणतो.

एवढ्या एका वेटोळ्यावर टॉपची सगळी शिवण ठरते, हे मला फार विलक्षण वाटतं. सपाट कापडातून अंगाचा उंचसखलपणा काढायला ब्लाउजला टक्स घालावे लागतात, कटोरी जोडावी लागते. होजिअरीच्या टॉपला बहुधा एकही टक्स नसतो. जिथे जेवढं हवं तेवढं कापडच रुंदावतं. याहून नवलाची गोष्ट मापाची. छाती ९२ सेंटीमीटर आणि शिवलेला टॉप ८६ भरतो, तरी तो अंगावर चापून, सुखाने बसतो! अंगापेक्षा लहान कपडा मुद्दाम शिवायचा, ही कल्पना ब्लाउजच्या शिंपीणबाईंना आधी पटणारच नाही.

म्हणून पॅटर्नचा कागद अचूक लागतो. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. आता ते पीडीएफ होऊन येतात. डिअर अँड डो या फ्रेंच कंपनीचा ‘प्लँटेन’ नावाचा टी-शर्ट तर मोफत मिळतो. ए-फोर कागदांवर छापायचा, कडा जुळवून चिकटवायचा. पहिल्या पानांत कुठेतरी एक साधा चौकोन असतो, तो पट्टीने मोजल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. प्रिंटरने ‘पानात बसवा’ म्हणून ९७ टक्क्यांवर छापलं, तर ८६ चा टॉप ८३ च्या आसपास येतो. छपाई नेहमी १०० टक्क्यांवरच.

कापडाचीही परीक्षा घ्या. दहा सेंटीमीटरचा पट्टा आरामात पंधरापर्यंत गेला तर ताण ५० टक्के. पॅटर्नवर किती मागितलाय ते लिहिलेलं असतं. जास्त ताण अंगाभोवती यावा, उंचीत नव्हे.

मग सुई. नेहमीची टोकदार सुई धागा तोडू शकते, आणि एक वेटोळं सुटलं की खाली शिडी पडत जाते. होजिअरीची बॉलपॉइंट सुई टोकाला गोलसर असते. ती धागा बाजूला सारून मधून जाते. टीपही बदलावी लागते. सरळ टिपेत ताणायला जागाच नसते, डोकं गळ्यातून घालताना दोरा तुटतो. बारीक झिगझॅग टिपेच्या वळणांत मात्र जादा दोरा साठलेला असतो, कापडासोबत तोही उलगडतो. अशा टिपेच्या मशीनचं पेटंट हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन बाईंनी १८७३ मध्ये घेतलं. तुमच्या पायमशीनवर फक्त सरळ टीप असेल तर कापायचं काम घरी करा आणि जोड कोपऱ्यावरच्या पिको-इंटरलॉकच्या दुकानातून मारून घ्या. इंटरलॉकची टीप या कापडाला उत्तम मानवते.

सगळ्यात सुंदर भाग गळ्याचा. गळ्याचा घेर ६० सेंटीमीटर असेल तर पट्टी ५१ ते ५४ चीच कापायची. दोन्हींचे चार-चार समान भाग टाचणीने जुळवायचे आणि फक्त पट्टी ताणत शिवायची. शिवताना ती जरा चुण्या पडल्यासारखी दिसते. वरून इस्त्रीची वाफ द्या. वेटोळी आक्रसतात आणि पट्टी मानेशी सपाट टेकते. हे स्वतःच्या हाताखाली घडताना एकदा तरी पाहाच.

पहिल्या टॉपसाठी मध्यम जाडीची कॉटन-लायक्रा होजिअरी घ्या, सुळसुळीत रेयॉन नको. आणि कापण्याआधी ती धुऊन वाळवा, कारण सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते.